नऊ खिळे

पीटरहेडच्या प्राथमिक शाळेतली चौथी खोली.
खिडकीबाहेर बंदर, हॅडक माशाच्या रिकाम्या पेट्या
आणि दुपारी तीनलाच विझत आलेला उजेड.

मिस इशबेल स्ट्रॅकन फळ्यावर लिहितात : वैदिक गणित.
"खरंच वेदांतलं का, ते मला विचारू नका," म्हणतात,
"मी शिकले ॲबर्डीनला, शनिवारच्या वर्गात,
दहा पौंडांत. चहा-बिस्किटं धरून."

मग पाट्या वाटतात, लाकडी.
प्रत्येक पाटीवर एक वर्तुळ, वर्तुळावर नऊ खिळे
(कुणाच्या तरी आजोबांनी ठोकलेले, म्हणून एखादा वाकडा),
आणि जाळी शिवायच्या निळ्या दोऱ्याची एकेक गुंडी.

नियम एवढाच :
पाढा म्हणत जायचं, आणि येईल त्या संख्येचे अंक मिळवायचे
एकच अंक उरेपर्यंत.
बारा म्हणजे तीन.
अठ्ठावीस म्हणजे दहा, दहा म्हणजे एक.
जो उरेल त्या खिळ्यावर दोरा.

एकचा पाढा गावाला फेरी मारून घरी येतो.
आठचाही, फक्त उलट्या अंगानं.
तीनचा त्रिकोण.
सहाचा काढला तर तोच त्रिकोण, आणि मागच्या बाकावर
"असं कसं?"

चारचा पाढा केट्रिओना बुकनकडे,
पाचचा फिनले डथीकडे.
बाक एकच, मध्ये दप्तर उभं केलेलं.
दोघांत छत्तीसचा आकडा.
मिस स्ट्रॅकनच्या फळ्यावर तो तसा दिसत नाही,
आपल्या लिपीत लिहिला की दिसतो :
३ आणि ६, पाठीला पाठ लावून बसलेले.
कारण काय, तर केट्रिओनाच्या बापानं
फिनलेच्या बापाची बोट लिलावात घेतली
आणि नाव खरवडून काढलं.

नाव फिनलेच्या आईचं होतं.

नवावरून चार, चारावरून आठ, आठावरून तीन,
ती ओठांतल्या ओठांत.
नवावरून पाच, पाचावरून एक, एकावरून सहा,
तो जरा मोठ्यानं, मुद्दाम.
दोरे ताणले जातात, खिळे किणकिणतात,
आणि दोघांच्या पाटीवर एकाच वेळी
नऊ टोकांची तीच चांदणी.

"माझं बघून केलंस."
"मी उलटी आले."
त्यानं खिळ्यांवरून बोट फिरवून पाहिलं.
खरंच, उलटी आली होती.
तो ज्या वाटेनं बाहेर पडला
त्याच वाटेनं ती आत.

राहिला इनिस. त्याच्या वाट्याला नऊ.
नऊ. अठरा. सत्तावीस. छत्तीस.
मिळवा कशीही, नऊच.
दोरा त्याच एका खिळ्याभोवती, वेढ्यावर वेढा,
बाकीचे आठ खिळे उघडे.
"मिस, माझं काहीच होत नाही."
"ओढून बघ."
इनिसनं ओढलं. मग दोन्ही हातांनी, पाय रोवून.
दोरा हलेना.

"असंच बांधतो आम्ही बोट,"
दोघं एकदम म्हणाली, केट्रिओना आणि फिनले,
आणि दोघंही गप्प झाली.
आम्ही म्हणजे कोण, कुणी विचारलं नाही.

मिस स्ट्रॅकन फळा पुसायला वळल्या.
नऊचा पाढा अजून तिथेच होता, उभा, वरून खाली.
छत्तीसच्या खाली पंचेचाळीस,
त्याखाली चोपन्न,
मग त्रेसष्ट : तेच दोन अंक, तोंडाला तोंड.
मध्ये दोनच पायऱ्या.
पण पाढ्यात पायरी गाळून जाता येत नाही.

घंटा झाली.
दप्तर फिनलेचं होतं, त्यानं ते उचललं,
त्याला घरी जायचं होतं म्हणून.
निळे दोरे कुणी सोडवले नाहीत.